पायरीवरचा मुळा

मामानं मुळा उपटला. मुळ्याला दोन पाय होते.

एक सरळ, एक गुडघ्यात जरासा वाकलेला. वरचं धड गोरंपान, मातीनं माखलेलं. बराच वेळ गाडी आली नाही की स्टँडवर माणूस एका पायावर भार देऊन उभं राहतं, तसा दिसत होता तो.

"हाही गेला," मामा म्हणाला.

"पाय आहेत ते एक बरंय," मी म्हणालो. "उचलून न्यायला नको. आपला आपण घरात येईल."

माझ्या विनोदांना कुणी हसत नाही याची मला सवय होती. पण मामाचा चेहरा एकदम राखेसारखा झाला. त्यानं मुळा खाली ठेवला, उठला, मागच्या दाराची कडी ओढून बघितली, परत येऊन बसला आणि दुसरा मुळा उपटला. त्याला तीन पाय होते.

दिवेलागणीपर्यंत वाफा रिकामा झाला. सरळ एकही निघाला नाही. दोन मुळे एकमेकांच्या गळ्यात पडलेले होते. एकानं स्वतःलाच मिठी मारली होती. एकाला मध्येच बाक होता आणि त्या बाकापाशी एक आडवं मूळ फुटून परत अंगाला चिकटलं होतं. मामानं तो कठड्यावर उभा करून ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला.

"ही बघ," तो म्हणाला.

"ही कोण?"

"तुझी मामी. मी काही बोललो की अशीच उभी राहायची. कमरेवर हात ठेवून. तोंडानं काही म्हणायची नाही."

इंदूमामीला जाऊन येत्या माघात दोन वर्षं होणार होती.

मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो आणि पुण्यातली माझी कंपनी बंद पडली होती. बंद पडली हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एका सोमवारी मी ऑफिसला गेलो तर तिथं पोळीभाजी केंद्र सुरू झालं होतं. मी जेवलो आणि घरी आलो. आई म्हणाली, "रिकामाच आहेस तर कऱ्हाडला जाऊन राहा. दादाचं काहीतरी बिनसलंय. मुळे लावतोय तो."

"मुळे लावण्यात बिनसण्यासारखं काय आहे?"

"अरे, त्यानं गयेला मुळा सोडलाय. जी भाजी जन्मात परत खायची नाही, ती कोण लावतं परसात?"

गयेला श्राद्ध करायला गेलं की तिथं आवडीची एक भाजी किंवा एखादं फळ कायमचं सोडून यायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. गेलेल्या माणसाच्या नावानं आपल्या जिभेवरचं काहीतरी द्यायचं. लोक देतात, पण हात राखून देतात. माझ्या वडिलांनी त्यांच्या वडिलांसाठी किवी सोडलं. ते त्यांनी तोपर्यंत फक्त ज्यूसच्या गाडीवरच्या चित्रात पाहिलं होतं. मामानं मात्र मुळा सोडला, आणि मुळा म्हणजे मामीचा जीव की प्राण. आमच्या घराण्यात या गोष्टीचं फार कौतुक झालं. आई तर डोळ्याला पदर लावून सांगायची, "दादा पहिल्यापासून तसाच. लहानपणी कोशिंबिरीतला मुळा निवडून निवडून माझ्या पानात टाकायचा. स्वतः तोंडात घालायचा नाही."

मी लहानपणी मामाकडे जायचो ते मेच्या सुट्टीत. मेमध्ये कऱ्हाडात मुळा नसतो, आंबा असतो. त्यामुळे मुळ्याच्या बाबतीत माझं शिक्षण अपुरं होतं.

मामा एसटीत कंट्रोलर होता. सगळी नोकरी त्याची स्टँडच्या खिडकीत माइकवर गाड्या पुकारण्यात गेली. निवृत्त झाला तरी सवय सुटली नव्हती. काही बोलायच्या आधी समोर जे असेल त्यावर बोटानं तीनदा ठोकायचा, माइक चालू आहे का बघतात तसं. टेबलावर, ताटावर, एकदा तर माझ्या गुडघ्यावर. मग म्हणायचा, "चहा फलाटावर लागलेला आहे."

त्या चहाबद्दल एवढंच सांगतो की मी कऱ्हाडला गेलो तो मामाची काळजी घ्यायला, आणि टिकलो तो चहासाठी. गवती चहाची पाती घालून, दोनदा उकळी आणून, तो असा काही करायचा की पहिल्या घोटाला मला माझी नोकरी गेल्याचं विसरायला व्हायचं.

पहिल्या दिवशी दुपारी जेवून आम्ही दोघं मधल्या खोलीत आडवे झालो होतो. चारच्या सुमाराला मागच्या दारी आवाज झाला.

टप. टप. टप.

दगडावर काहीतरी भरीव, ओलं आपटल्यासारखा. मग थोडं थांबून कापडावर काहीतरी पुसल्यासारखा. मग काहीच नाही. ते काहीच नाही फार वाईट होतं. कुणीतरी आता पुढचं काहीतरी करणार आणि करत नाही, असं.

"मामा, मागं कुणीतरी आहे."

"आहे," मामा म्हणाला. त्यानं डोळे उघडले नाहीत.

"कोण?"

त्यानं कॉटच्या कडेवर बोटानं ठोकलं. "चहा टाकू का?"

मी जाऊन दार उघडलं. परस रिकामा. दोरीवर मामाचा बनियन. भिंतीपलीकडे शमशादभाभींचा रेडिओ. दाराबाहेर काळ्या दगडाची एकच पायरी होती, मध्ये झिजून गुळगुळीत झालेली. तिच्या कडेला मातीची चार-दोन ढेकळं पडली होती. ओली. पाऊस जाऊन महिने झाले होते आणि वाफ्याला मामानं सकाळपासून पाणी घातलेलं नव्हतं.

चहा पिताना मामा म्हणाला, "गयेहून आल्यापासून चालू आहे."

लोक गयेला जाऊन आले की त्यांची घरं शांत होतात. मामाचं घर वाजायला लागलं होतं.

"ती अशीच करायची," तो म्हणाला. "दुपारी मुळा उपटायचा, पायरीवर आपटून माती झाडायची, पदराला पुसायचा."

"आणि मग?"

"मग खायची."

"तो आवाज का येत नाही?"

मामानं बशीकडे बघितलं. "मुळा कुठाय तिच्याकडे?"

मला हसू आलं नाही, याचं मलाच आश्चर्य वाटलं.

"अडकून पडलीय ती," मामा म्हणाला. "चौकशीच्या खिडकीपाशी उभं असतं ना कुणी, हातात पिशवी घेऊन, आणि आत कुणी मान वर करून बघत नाही. तशी. मी मान वर केली पाहिजे की नाही? एक चांगला मुळा काढायचा. सरळ, तिच्या हातचा असायचा तसा. तिथीच्या आत पायरीवर ठेवायचा. मिळाला की जाईल."

पहिला पेरा असा पायांत गेला. मामीनं धरलेलं बी लोणच्याच्या बरणीत होतं, त्यातलं तळाशी मूठभर उरलं. ते संपलं की मामीचा मुळा संपला. मामानं बरणी उजेडात धरली आणि माझ्या हातात दिली.

"तू शिकलेला आहेस," तो म्हणाला.

मी बी.कॉम. होतो. तरी मी फोन काढला आणि मुळ्याचे व्हिडिओ बघायला बसलो. नगरकडचा एक माणूस शर्टाची बाही वर करून सांगत होता की मुळ्याचं मूळ सरळ खाली निघतं, पण वाटेत खडा लागला किंवा ताजं शेण लागलं की दोन वाटा धरतं. जमीन हातभर खोल भुसभुशीत पाहिजे, शेणखत जुनं पाहिजे.

"डायव्हर्शन," मामा म्हणाला. त्याला पटलं.

आम्ही वाफा उकरला. सगळी माती मी वाळूच्या चाळणीनं चाळली. चाळणीत खडे आले, विटांचे तुकडे आले, एका चमच्याचा दांडा आला. मग हिरव्या बांगड्यांचे तुकडे यायला लागले. एक, दोन, बरेच. केसांतला एक आकडा आला, गंजलेला. मामीचे हात त्या मातीत इतकी वर्षं होते, काही ना काही राहिलंच. मामा चाळणीशेजारी उकिडवा बसला होता. तो एकेक तुकडा धोतराला पुसून सदऱ्याच्या खिशात टाकत होता. संध्याकाळी तो चालला की खिसा वाजायचा.

मातीत नदीचा गाळ मिसळला, जुनं खत आणि चुलीतली राख घातली, वरंबे ओढले आणि बी टोकलं. पाणी मी रोज थोडं थोडं द्यायचो, कारण एकदम प्यायला मिळालं की मुळा तडकतो, असं नगरकर म्हणाला होता. रोपं दाट उगवली. आता विरळणी करायची होती, म्हणजे एक ठेवून शेजारची दोन उपटायची. मामा आडवा आला.

"चढलेला प्रवासी उतरवायचा नसतो."

"मामा, उभ्यानं चाललेत ते. म्हणून तर पाय फुटतात."

त्यानं विचार केला. मग घरात गेला आणि विरळणी होईपर्यंत बाहेर आला नाही. उपटलेली कोवळी रोपं कोशिंबिरीला घ्यावीत म्हणून मी वाटीत घेऊन आत निघालो, तर दारातच मामानं हात आडवा केला. "आत नको." मी म्हटलं, खरंय, सोडलेली वस्तू. रोपं भिंतीवरून शमशादभाभींच्या शेळ्यांना दिली. भाभी ती घ्यायला आल्या तेव्हा मी हळूच विचारलं, "भाभी, दुपारी तुम्ही काही कुटता का?"

"मी?" भाभी म्हणाल्या. "मला वाटलं तुम्ही कुटता. म्हणून तर मी रेडिओ मोठा करते."

आम्ही दोघांनी पायरीकडे बघितलं आणि मग शेळ्यांबद्दल बोललो.

पौष संपता संपता टोणपेगुरुजी श्राद्धाचं ठरवायला आले. स्कूटर बंद न करताच फाटकाशी उभे राहिले.

"पानात मुळा पाहिजे," मामा म्हणाला.

"मुळा? श्राद्धाला? आणि तोही माघात? माघात मुळा वर्ज्य, वामनराव."

"तिला आवडायचा."

"आवडत असेल हो. बटाटा घाला."

"बटाट्यानं ती जायची नाही."

"कुठं जायची नाही?"

स्कूटर फटफटत होती. मी म्हणालो, "गुरुजी, पानाबाहेर ठेवला तर? मागच्या पायरीवर?"

गुरुजींनी शास्त्र आठवून बघितलं. "पायरीचा उल्लेख कुठं नाही," ते म्हणाले आणि गेले.

आवाज रोज येत होता. मी एकदा दाराला कान लावून उभा राहिलो. टप, टप, टप झालं, पुसून झालं, आणि मग त्या काहीच नाहीमध्ये मला दाराच्या पलीकडे, अगदी हातभरावर, कुणाचा तरी श्वास ऐकू आला. कुणी दमलं की सोडतं तसा. मी कडीवर हात ठेवला होता. मी ती काढली नाही. मी आत जाऊन मामाच्या शेजारी बसलो आणि आम्ही टीव्हीवर शेअर बाजार बघितला. आमच्या दोघांकडे एकही शेअर नव्हता.

तिथीला थोडे दिवस राहिले असताना मामानं वाफ्यातल्या सर्वांत जोमदार पाल्याला हात घातला. बाजूची माती बोटांनी सैल केली, पाला मुठीत धरला आणि न हिसडता वर ओढला. मुळा आला. येतच राहिला. पांढरा, गुळगुळीत, वरपासून खालपर्यंत एका रेषेत, शेवटी उंदराच्या शेपटीएवढं टोक.

"विनाथांबा," मामा म्हणाला.

तिथीपर्यंत थांबायचं त्याच्यात बळ नव्हतं. दुपारी त्यानं मुळा धुऊन केळीच्या पानावर, मिठाच्या चिमटीसह, पायरीवर ठेवला. दार लावलं. आम्ही दोघं आतून दाराशी बसलो. चार वाजत आले.

टप. टप. टप.

आज जवळ होतं. दार हलल्यासारखं वाटलं. मग पुसण्याचा आवाज. मग मामानं माझा दंड पकडला आणि आम्ही पुढच्या आवाजाची वाट बघत बसलो. मुळा चावल्याचं कुडुम व्हायला पाहिजे होतं. शमशादभाभींचा रेडिओसुद्धा बंद झाला होता. झालं नाही.

मामानं दार उघडलं. मुळा जसाच्या तसा होता. पानावर मातीची ढेकळं पडली होती, मुळ्याला एक कण लागला नव्हता.

मामा पायरीवर बसला. नंतर त्यानं मला सांगितलं की त्या पायरीवर तो आयुष्यात पहिल्यांदा बसला होता. त्यानं दगडावर बोटानं ठोकलं.

"शार्दूल, मी मुळा खात नाही."

"माहितीय. गयेला सोडलास."

"त्याच्या आधीही खात नव्हतो. कधीच नाही. वासानं मळमळतं मला. शाळेत होतो तेव्हापासून."

मला आईच्या पानातली कोशिंबीर आठवली. आमच्या घराण्याचा सगळा त्याग त्या कोशिंबिरीवर उभा होता.

"मग गयेला..."

"पंडा म्हणाला, बोलो बाबूजी, क्या त्याग करोगे. मागं ही रांग. मी आंबा म्हणणार होतो. देवाशपथ, ओठावर होता. आणि मला आमच्या स्टँडसमोरची पायरी आंब्याची गाडी दिसली. तोंडातून मुळा आला."

"बाबांनी किवी सोडलंय, मामा."

"तुझ्या बाबांच्या दारात कुणी आपटत नाही." त्यानं पानावरची ढेकळं बोटानं खाली सारली. "वर परत वस्तू तिची. मी तिच्या नावानं तिचीच वस्तू टाकली. आणि सुटलो, आंबा वाचला, म्हणून मनातनं बरंसुद्धा वाटलं."

भिंतीवर शमशादभाभींचं डोकं आलं. "हे काय मांडलंय पायरीवर?"

"इंदूसाठी," मामा म्हणाला. त्याला आता लपवायचं काही राहिलं नव्हतं.

भाभींनी मुळा बघितला. "हा? असला सरळ मुळा इंदूताईनं कधी तोंडाला लावला नाही. सरळ निघेल तो बीला ठेवायची. पाय फुटलेला असेल तो खायची. तुम्हाला माहीत नाही?"

"नाही."

"कसं माहीत असणार. तुम्ही आत, ती बाहेर." भाभींनी कोपर भिंतीवर टेकलं. "इथंच उभी राहून खायची. थंडीत शाल गुंडाळून. मी म्हणायची, बाई, आत जा, बसून खा की चार घास. तर म्हणायची, आत चालत नाही."

मामा पायरीकडे बघत होता. मध्ये, जिथं दगड झिजला होता, तिथं.

"लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत म्हणालो होतो," तो म्हणाला. "ते तुझं बाहेर. एवढंच. परत म्हणायची वेळ आली नाही."

"वेळ आली नाही म्हणजे तिनं येऊ दिली नाही," भाभी म्हणाल्या. मग त्यांना कदाचित त्याची दया आली, कारण त्या मुळ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आणि तो तसा मारू नका. पाला वर बोटभर ठेवून छाटा, शेंडा उडवा आणि परत रोवा वाफ्यात. धरतो. इंदूताईसुद्धा एखादा असाच काढून बघून परत लावायची."

मी तो परत रोवला. गाडी सुटल्यावर उतरलेल्या माणसाला परत चढवावं तसं वाटत होतं.

तिथीला सगळं रीतसर झालं. टोणपेगुरुजींनी बटाट्याचा आग्रह धरला होता, बटाटा झाला. कावळा पान ठेवल्या ठेवल्या आला आणि वडा घेऊन गेला. त्याला आमच्या घरगुती भानगडींशी काही घेणं नव्हतं. गुरुजी जेवून गेले. मामानं काहीच खाल्लं नव्हतं.

चार वाजायच्या आधी तो मागं गेला. चाळलेल्या मातीतही एकाला पाय फुटलेच होते. कुठला तरी बांगडीचा तुकडा माझ्या चाळणीतून निसटला असणार. मामानं तो मुळा उपटला आणि पायरीपाशी आला. वाकला. मुळा दगडावर आपटला.

टप. टप. टप.

इतके दिवस मी हा आवाज दाराच्या आतून ऐकला होता. अगदी तोच होता. माझ्या अंगावर काटा आला आणि तो बराच वेळ गेला नाही. मामानं मुळा उपरण्याला पुसला. मग मागच्या दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या आणि स्वतः बाजूला सरकून उभा राहिला, कुणाला तरी आधी जाऊ द्यावं तसा.

"चल," तो म्हणाला. "आत ये. थंडी आहे बाहेर."

बाहेर टळटळीत ऊन होतं.

तो थोडा वेळ तसाच थांबला, कुणाला उंबरा ओलांडायला लागेल तेवढा. मग तिच्या मागून आत आला. स्वयंपाकघरात दोन पाट मांडले. एका पाटावर बसला, डाव्या हाताच्या मुठीत मीठ घेतलं, मुळ्याचा एक पाय त्यात बुडवला आणि चावला.

कुडुम.

मी दारातच उभा होतो. त्या घरात गेल्यापासून मी ज्या आवाजाची वाट बघत होतो तो हा. मामाच्या गळ्याशी काहीतरी वर आलं, त्यानं ते गिळलं. नाक वाहायला लागलं. त्यानं दुसरा घास घेतला. दोन्ही पाय खाल्ले, धड खाल्लं, पाल्याचा कोवळा भाग खाल्ला. मध्ये एकदा रिकाम्या पाटाकडे बघून मान हलवली.

"कसा आहे?" मी विचारलं.

"घाण," मामा म्हणाला. मग जरा वेळानं, "तिखट आहे. थंडीत बरा लागत असेल."

"पण गयेला सोडलेली वस्तू ना, मामा? चालतं?"

"जी कधी धरलीच नाही ती सोडणार कुठून?" त्यानं रिकाम्या पाटावर बोटानं तीनदा ठोकलं. "आजपासून आंबा सोडला. यापुढं घेणार नाही. नोंद घ्यावी."

हे मला उद्देशून नव्हतं.

त्या दिवशी चार वाजले, साडेचार वाजले. मागचं दार उघडं होतं. पायरीवर ऊन होतं. आवाज आला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. घरात दोन-तीन दिवस मुळ्याचा वास राहिला. मामानं एकही खिडकी उघडली नाही.

मेमध्ये मी परत गेलो तेव्हा त्यानं माझ्यासाठी आंब्याची पेटी आणून ठेवली होती. तो समोर बसून फोडी करायचा, साली बाजूला सारायचा, हात धुऊन यायचा. बोटं कधी चाटली नाहीत. परसात रोवलेल्या त्या मुळ्याला फुलं येऊन, शेंगा वाळून गेल्या होत्या, आणि लोणच्याची बरणी गळ्यापर्यंत भरली होती.

मामा गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. त्याला मूलबाळ नव्हतं, म्हणून गयेला मी गेलो. गाडीत मी विचार करून ठेवला होता. मी पडवळ सोडणार होतो. पडवळ मी तसाही खात नाही, त्यामुळे सगळ्यांचीच सोय.

फल्गूच्या घाटावर पिंड झाले. पंड्यानं हातावर पाणी घातलं. मागं रांग होती.

"बोलिए भैया, क्या त्याग करेंगे?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात मागं, दगडी पायरीवर, कुणीतरी ठोकलं.

टप. टप. टप.

आपटल्याचा आवाज नव्हता तो. बोटानं ठोकल्याचा होता. माइक चालू आहे का बघतात तसा.

मी मागं वळून पाहिलं नाही.

"चहा," मी म्हणालो.

पंडा माझ्याकडे बघत राहिला. "चाय? अरे भैया, चाय कोई छोड़ता है? परवल छोड़ दीजिए."

"चहाच."

त्यानं पाणी सोडलं. मागचा आवाज थांबला होता.